काटकसरीतून उभे राहिलेले धैर्य : लिडिया मारिया चाइल्ड

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलंड या लहानशा गावी राहणाऱ्या एका बासष्ट वर्षांच्या गृहिणीने १८६४ या वर्षातील आपल्या कामांचा हिशेब लिहून ठेवला होता. वर्षभरात तिने ३६० वेळा जेवण रांधले होते आणि ३६२ वेळा न्याहारी केली होती. झाडलोट, शिवणकाम, दिव्यांत तेल भरणे हीही कामे त्या यादीत होती. त्यांच्याच जोडीला २३५ पत्रे आणि वृत्तपत्रांसाठी लिहिलेले लेख यांचीही नोंद होती. चूल आणि लेखणी एकाच यादीत मांडणारी ही गृहिणी म्हणजे लिडिया मारिया चाइल्ड. गुलामगिरीच्या विरोधात लेखणी उचलणाऱ्या अमेरिकेतील अग्रगण्य स्त्रियांत त्यांची गणना होते.

लिडियाचा जन्म ११ फेब्रुवारी १८०२ रोजी मेडफर्ड येथे झाला. वडील भटारखाना चालवीत. त्यांच्या भट्टीतील खुसखुशीत बिस्किटे पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. थँक्सगिव्हिंग या सणाच्या आदल्या रात्री घरी राबणाऱ्या व ओळखीतल्या गरीब माणसांना स्वयंपाकघरात बोलावून पोटभर जेवू घालण्याची या घराची रीत होती. घरातले अन्न दारातल्या माणसांपर्यंत पोहोचले पाहिजे, हा संस्कार लिडियावर असा लहानपणीच झाला. बारा वर्षांची असताना तिची आई वारली. पुढे मेन प्रांतात विवाहित बहिणीच्या घरी राहून ती घरकाम शिकली, आणि मिळेल ते पुस्तक वाचून तिने स्वतःला घडविले. १८२४ मध्ये तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १८२६ मध्ये तिने मुलांसाठी एक नियतकालिक सुरू केले.

१८२८ साली डेव्हिड ली चाइल्ड या वकील-संपादकाशी त्यांचा विवाह झाला. डेव्हिड सत्त्वशील व तत्त्वनिष्ठ होते, परंतु व्यवहाराशी त्यांचे कधी जमले नाही. संसाराच्या आरंभापासूनच कर्जाची छाया पडली. अशा वेळी लिडियाबाईंनी आपली रोजची ओढाताणच शब्दांत उतरविली. १८२९ मध्ये काटकसरी गृहिणीसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक निघाले. त्या काळी बाजारात मिळणारी गृहव्यवस्थेची पुस्तके बहुधा नोकरचाकर बाळगणाऱ्या घरांसाठी असत. हे पुस्तक मात्र जिला सारे काही स्वतःच्या हातांनी करावे लागते, तिच्यासाठी होते. पुढील काही वर्षांत त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, मग तो कापडाचा तुकडा असो वा वेळेचा, हे त्या पुस्तकाचे सूत्र. शिळ्या पावाचे काय करावे, मांसाच्या स्वस्त भागांतून रुचकर जेवण कसे साधावे, जुन्या पत्रांच्या कोऱ्या पाठी लिहिण्यासाठी कशा जपून ठेवाव्यात, मुलांच्या हातांना विणकामाची गोडी कशी लावावी, अशा शेकडो गोष्टी त्यांनी सांगितल्या. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि जुन्या लुगड्यांची गोधडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टी परक्या वाटणार नाहीत. या उपदेशात आंधळेपणा मात्र नव्हता. केवळ नक्षीसाठी चांगले कापड फाडून पुन्हा जोडत बसणे त्यांना वेडेपणाचे वाटे, पण घरातल्या चिंध्या त्यामुळे सत्कारणी लागत असतील, तर त्याच कामाला त्यांची मान्यता होती. कॉफीऐवजी भाजलेले धान्य वापरण्याची युक्ती त्यांनी दिली, आणि खरी बचत कॉफी न पिण्यातच आहे, असेही बजावले.

पुस्तकाने नाव आणि पैसा दिला. सुखाने जगण्याची वाट मोकळी झाली होती. तरीही १८३३ मध्ये लिडियाबाईंनी गुलामगिरीचा समूळ नायनाट करावा, अशी मागणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांना उत्तरेतही मिळणाऱ्या हीन वागणुकीवर त्यात कठोर टीका होती. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. त्यांच्या पुस्तकांचा खप घसरला, मुलांच्या नियतकालिकाचे वर्गणीदार पाठ फिरवू लागले आणि १८३४ मध्ये ते बंद पडले. जी काटकसर त्यांनी इतरांना शिकविली होती, तीच आता त्यांचा आधार झाली. गरजा थोड्या असल्यामुळे लोकप्रियता गमावणे त्यांना परवडले.

हातच्या कलेलाही त्यांनी याच कार्याला जुंपले. बोस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी स्त्रिया हस्तकलेच्या वस्तूंची जत्रा भरवून चळवळीसाठी निधी जमवीत. १८३६ च्या जत्रेसाठी लिडियाबाईंनी चांदण्यांच्या नक्षीची, पाळण्यात अंथरण्याजोगी एक लहानशी गोधडी शिवली. तिच्या मध्यभागी शाईने काही ओळी लिहिल्या. आपल्या बाळाला निजविणाऱ्या मातेने, जिचे मूल हिरावून विकले जाते त्या गुलाम मातेचे स्मरण करावे, असा त्यांचा आशय होता. ती गोधडी आजही जतन केलेली आहे.

१८३८ मध्ये हे दांपत्य नॉर्दम्प्टन येथे गेले. गुलामांच्या घामातून निघणाऱ्या उसाच्या साखरेला पर्याय म्हणून डेव्हिड तेथे बीटपासून साखर काढू पाहत होते. प्रयोग आर्थिकदृष्ट्या फसला आणि कर्ज वाढले. १८४१ ते १८४३ या काळात लिडियाबाईंनी न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाचे संपादन केले. तेव्हाच्या कायद्याने पत्नीची कमाई पतीची ठरे. म्हणून त्यांनी आपले आर्थिक व्यवहार पतीपासून वेगळे केले, परंतु संसार मोडला नाही.

१८५५ साली त्यांनी जगातील धर्मांचा तीन खंडांतील इतिहास प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ भारतापासून होतो. १८६१ मध्ये गुलामीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्स यांच्या आत्मकथनाचे त्यांनी संपादन केले. गुलामगिरी संपल्यावर, नव्याने मुक्त झालेल्यांना वाचता यावे म्हणून १८६५ मध्ये त्यांनी स्वतःचा पैसा घालून एक वाचनमाला छापविली. साध्या अन्नातून व जुन्या कपड्यांतून वाचविलेला पैसा असा अक्षरांत रूपांतरित झाला.

२० ऑक्टोबर १८८० रोजी वेलंड येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी सात वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. लिडियाबाईंचे नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही, पण ज्यांच्या श्रमांना ती अर्पण होती, त्यांत त्यांचा वाटा निश्चितच होता.

काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक असतो तो हेतूचा. कंजूष माणूस वाचविलेल्या पैशाचा राखणदार होऊन बसतो. लिडियाबाईंनी मात्र वाचविलेल्या पैशातून आणि वेळेतून सत्य बोलण्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. ३६० वेळा रांधणारे हात २३५ पत्रेही लिहू शकले, कारण त्या घरात कोणतीच लहान वस्तू आणि कोणताच लहान क्षण टाकाऊ नव्हता.