दिलेल्या शब्दाची पत

नवी हार्ड डिस्क चार दिवसांत बंद पडली, की आपण पावती शोधतो आणि दुकान गाठतो. हा हक्क रुजवणाऱ्यांत शिकागोचे अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड अग्रणी होते. फिरते विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडताना त्यांनी चढ्या भावाने नाडलेले शेतकरी पाहिले. टपालाने थेट माल विकायचे ठरवले, तोच १८७१ च्या शिकागोतील आगीत साठा जळाला. १८७२ मध्ये १६३ वस्तूंची एकपानी यादी काढून ते पुन्हा उभे राहिले. पण न पाहिलेल्या मालावर गिऱ्हाइकाने विसंबायचे कसे? १८७५ मध्ये त्यांनी माल न पटल्यास पैसे परत देण्याची हमी दिली. जोखीम दुकानदाराने पत्करली. वॉर्ड १९१३ मध्ये निवर्तले. यंत्र आज ना उद्या बिघडणारच. दुकानाची पत खरी कळते ती तेव्हाच.