नऊ एकांचा वर्ग आणि देवळालीचे गुरुजी



वही-पेन्सिल घेऊन बसा. ओळीने नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज करा. ती येते ९९९९९९९९. म्हणजे मधला नऊच पुन्हा आठ वेळा! आता सतराही अंकांची बेरीज करून पाहा. ती भरते ८१, आणि ८१ ने या अवाढव्य संख्येला निःशेष भाग जातो. कारण सोपे आहे. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून मूळ संख्येला ९ ने भाग जातो; मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

अशा संख्यांना ज्यांनी नावे दिली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर कोणी मोठे प्राध्यापक नव्हते. ते शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. वडील कारकून, घरची स्थिती बेताची. ठाण्याला शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले.

आपल्यातील वडीलधाऱ्यांनी बनोसा स्थानकावर शकुंतला गाडीची वाट पाहिलेली आहे. कापरेकरांना वर सांगितलेल्या जातीच्या संख्यांचा विचार सुचला तोही जी.आय.पी. रेल्वेच्या अशाच एका स्थानकावर, मुंबईजवळच्या डोंबिवलीस. त्या स्थानकावरूनच त्यांनी या संख्यांना डेम्लो हे नाव दिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ते हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या म्हणत. आपली सतरा अंकी संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरावे.

आपल्याकडील अनेक विद्वानांनी या कामाला पोरखेळ मानले. गुरुजींनी वाद घातला नाही, वही मिटली नाही. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणूनच ओळखली जाते.

पालकहो, घरात कुणी शिकलेले नाही, गणित आपल्या मुलांना काय जमणार, असे म्हणून आपण किती मुलांना, आणि विशेषतः मुलींना, या विषयापासून दूर नेतो! इल्म मिळवणे आपण फर्ज मानतो. मग त्यातून गणित वगळायचे कशासाठी? त्याला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत. कापरेकर गुरुजींपाशी कागद, पेन्सिल आणि न संपणारी जिज्ञासा एवढेच भांडवल होते. दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या घरीही एवढे भांडवल सहज जमते.

विद्यार्थ्यांनो, आज रात्री दिव्याखाली बसून आपल्या आवडीची चार अंकी संख्या घ्या आणि वजाबाकी सुरू करा. ६१७४ आले की अम्मी-अब्बांना दाखवा. आणि अम्मी-अब्बांनो, त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ती वही जरूर पाहा.