युद्धनौकेवरचा चित्रकार : ड्वाइट शेपलर

ग्रां पोरच्या उपसागरात १८१० साली इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. ती आपण बेटावरची माणसे चित्रांतच पाहत आलो, कारण तेव्हा कॅमेरा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात मात्र कॅमेरे भरपूर होते. तरीही अमेरिकेच्या आरमाराने चित्रकारांना जहाजांवर पाठवले. त्यांपैकी ड्वाइट शेपलर यांची आज ओळख करून घेऊ.

शेपलर यांचा जन्म १९०५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील एव्हरेट येथे झाला. विल्यम्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. बर्फाचे डोंगर आणि स्कीवरून घसरत येणारी माणसे हे त्यांचे आवडते विषय. ग्रिफिथ बेली कोल या चित्रकाराच्या आग्रहावरून १९४१ साली आरमाराने युद्धचित्रांची योजना सुरू केली. तीत शेपलर अधिकारी म्हणून दाखल झाले आणि डोंगर सोडून समुद्रावर आले! ऑक्टोबर १९४२ मध्ये सांताक्रूझ बेटांजवळ झालेल्या लढाईच्या वेळी ते 'सान हुआन' या क्रूझरवर होते.

त्यांचे नाव राहिले ते नॉर्मंडीमुळे. ६ जून १९४४ रोजी ते 'एमन्स' या विनाशिकेवर होते. समोर फ्रान्सचा ओमाहा किनारा. उतरलेले सैनिक वाळूत अडकून पडले होते आणि टेकड्यांवरून जर्मन तोफा आग ओकत होत्या. तेव्हा विनाशिका किनाऱ्याच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांचा तळ वाळूला लागण्याची भीती होती. 'एमन्स'ने कोलव्हिल गावाच्या बाजूला मारा केला. तिथल्या चर्चचा मनोराही त्यातून सुटला नाही. शत्रूचे टेहळे त्यात असल्याचा संशय होता.

माणसे मरत असताना एकाने रंग कालवावेत, हे कोणाला खटकेलही. पण चित्रकार आहे म्हणून तोफगोळा काही त्याला वगळत नाही. अशा वेळी जागच्या जागी भराभर रेखाटायचे आणि मागाहून रंगवायचे, अशी या चित्रकारांची रीत होती. शेपलर यांच्या जलरंगातील चित्रात 'एमन्स' अगदी पुढे आहे, तिच्या तोफा धडाडताहेत आणि मागे धुराने भरलेला किनारा दिसतो. पुढे फिलिपिन्समध्येही त्यांनी युद्धाची चित्रे काढली. १९७४ साली ते वारले.

'एमन्स'ला मात्र वर्षभराचेही आयुष्य लाभले नाही. ६ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळ जपानी आत्मघातकी विमाने तिच्यावर आदळली आणि ६० जण दगावले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्याच जहाजाने तिला बुडवले. आज ती तिथेच समुद्राच्या तळाशी आहे. शेपलर यांचे चित्र अमेरिकेच्या आरमाराच्या संग्रहात आहे.