लीलावतीचे भास्कराचार्य

मैत्रिणींनो, नशिराबादला मी मुलींचा अभ्यास घेते. शून्याचा गुणाकार आला की हमखास गोंधळ! मग मी भास्कराचार्यांची गोष्ट काढते. जन्म १११४ चा. गणित शिकले वडिलांकडेच, महेश्वरांकडे. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘लीलावती’ लिहिली. संख्येत शून्य मिळवलं तर संख्या तीच, शून्यानं गुणलं तर शून्य, हे नियम त्यात आहेत. उदाहरणं तरी किती गोड! भुंगे, हंस, कमळं. कित्येक प्रश्न तर चक्क एका मुलीला विचारलेले. लीलावती त्यांची लेक, असं सांगतात. ती दंतकथाही असेल. पण ‘पोरींना गणित कशाला?’ म्हणणाऱ्या आयांना मी हे मुद्दाम ऐकवते. पुढे नातू चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तोही आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला. तिथल्या शिलालेखात तशी नोंद आहे.