कै. जावजी दादाजी

पेण येथील मूर्तींचे सांचे आमच्या पेण-रोह्याच्या वाचकांनीं पाहिले असतीलच. छापण्याचे खिळेही सांच्यांतच ओतीत असत. मुंबईचे जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणींच पितृहीन झाले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घासतां घासतां ते हा धंदा शिकले. पुढें अनेक ठिकाणीं चाकरी करून १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा कारखाना काढिला. काने, मात्रा व जोडाक्षरें यांमुळें देवनागरीस शेंकडों खिळे लागत; प्रत्येकासाठीं पोलादी ठसा कोरावा लागे. तें काम त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू ह्यांनीं कुशलतेनें केलें. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना निघाला व त्याचे सुबक ग्रंथ सर्वत्र गेले. घांसलेल्या खिळ्यांनींच त्यांस कारखानदार केलें, हें आम्हांस विशेष वाटतें.