विस्मृतीचा अभ्यासक : डॉ. अल्झायमर

दोन वर्षांपूर्वी आमची आजी मला बाबांच्या नावाने हाक मारू लागली. प्रथम आम्ही सारे हसलो. पुढे दिवेलागणीला ती पिशवी भरून माहेरी जायला निघू लागली, तेव्हा हसू मावळले. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले. ते एका माणसाचे आडनाव आहे हे मला ठाऊक नव्हते. त्या माणसाचा शोध घेता घेता मी त्याच्या चरित्रातच गुंतलो.

अलॉईस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ साली ते डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय होता कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! १८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांना फ्रान्झ निस्ल हा जिवलग मित्र लाभला. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्यात निस्लचा हातखंडा होता. दिवसा रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक यंत्र, असा दोघांचा क्रम असे.

१९०१ साली अल्झायमर यांची पत्नी वारली. पदरी तीन लहान मुले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई रुग्णालयात आली. पतीचे नाव विचारले तर ती स्वतःचेच सांगे. ताटात फ्लॉवर नि डुकराचे मांस असताना ती पालक खात असल्याचे सांगे. नाव लिहायला दिले की मध्येच अडखळे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

म्हातारपणी माणूस विसरतो, त्यात नवल ते काय, असे लोक मानत. पण ही बाई म्हातारी नव्हती. अल्झायमर पुढे म्युनिकला क्रेपेलीन यांच्याकडे गेले, तरी तिला विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला. मेंदू आक्रसलेला होता. पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता, बाहेर कसलेसे थर साचले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१० साली क्रेपेलीन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

ते थर कशाचे, हे कळायला १९८४ साल उजाडले. अमेरिकेत ग्लेनर व वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांतून अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे काढले; थरांतही तेच निघाले. आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा. अल्झायमर यांना रुग्णाच्या मरणाची वाट पाहावी लागली. आता जिवंत रुग्णाच्या त्वचेतील पेशींपासून मूळपेशी व त्यांपासून मेंदूच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्यांतील ही प्रथिने मोजतात. जपानच्या यामानाका यांनी २००६-०७ मध्ये दाखवलेली ही वाट. रोग समूळ बरा करणारे औषध मात्र अद्याप नाही.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापकपदावर जाताना अल्झायमर आगगाडीतच आजारी पडले. ते दुखणे सरले नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी ते निवर्तले. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले. ऑगस्टेचे कागदपत्र १९९५ साली त्याच शहरात सापडले. त्यांत तिच्या हातची अर्धवट अक्षरे आहेत.

गेल्या महिन्यात आजीच्या पेन्शनच्या कागदावर सही हवी होती. जन्मभर मुलांकडून अक्षर गिरवून घेतलेली आमची आजी दोन अक्षरे काढून थांबली आणि तिने पेन माझ्या हातात दिले. शेवटी अंगठा घेतला.