व्हायोलिन गाणारे गजाननबुवा

औंध म्हटलं की आपल्याला यमाईचं देऊळ आणि म्युझियम आठवतं. सातारा जिल्ह्यातलं हे छोटं गाव पूर्वी संस्थानाची राजधानी होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासाठी, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, जागा त्यांनीच दिली, म्हणून आपण इंजिनिअरिंगवाले त्यांना ओळखतो. पण त्यांच्याच दरबारी अंतुबुवा जोशी नावाचे मोठे गवई होते. त्यांचे चिरंजीव म्हणजे पं. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७).

अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यामुळे ग्वाल्हेर गायकी गजाननबुवांना घरातच मिळाली. पण गळ्याबरोबर त्यांनी हातात घेतलं ते चक्क व्हायोलिन!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे व्हायोलिन म्हणजे उभं राहून, हनुवटीखाली धरून, समोरचं नोटेशन बघत वाजवायचं वाद्य. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक पायावर टेकवतो. त्यामुळे डावा हात मोकळा राहून तारेवरून लांबवर सरकतो. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून दोन सुरांमधली मींडही सलग वाजते. सतारीची तार छेडली की आवाज विरत जातो, इथे गज फिरतोय तोवर सूर टिकतो, अगदी गवयाच्या दमासासारखा. बुवा स्वतः गवई, त्यामुळे त्यांनी या विलायती वाद्यावर सरळ ख्याल मांडला. साथीला बसणाऱ्या व्हायोलिनला मैफलीत स्वतंत्र जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे.

त्या काळी घराणं म्हणजे आपल्या ब्रँचपेक्षा कडक प्रकरण. बदलायची सोय नाही! तरी बुवा रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, जयपूर घराण्याच्या भूर्जी खाँकडे शिकले आणि आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँकडेही शिकले. विशेष म्हणजे या सगळ्याची त्यांनी मिसळ केली नाही. ज्या घराण्याची बंदिश, त्या घराण्याचीच शिस्त. पं. उल्हास कशाळकरांना त्यांनी तिन्ही गायकी दिल्या, आणि कशाळकरांच्या गाण्यात त्या आजही वेगवेगळ्या ओळखू येतात. पुढे १९७२ मध्ये बुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मेकॅनिकलचा अभ्यास, नाटक, रोबोटिक्स असं सगळं करायला गेलं की घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. मला बुवांकडे बघून वाटतं की चार गोष्टी करण्यात काही चूक नाही, पण प्रत्येक गोष्टीसाठी त्या त्या गुरूसमोर नव्याने विद्यार्थी होऊन बसायची तयारी पाहिजे. नाव झाल्यावर तसं बसणं किती अवघड असेल!

अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीत उत्सव सुरू केला. बुवांनी तो पुढे नेला आणि आजही तो अश्विन महिन्यात होतो. मित्रांनो, होस्टेलवरून एस.टी.ने जाऊन येण्यासारखं गाव आहे. यंदा कोण कोण येतंय?